थोरल्या दिरांचा ब्रेक

आमच्या थोरल्या दिरांना सगळी गल्ली कप्तान म्हणते. जहाज त्यांनी कधी जवळून पाहिलेलं नाही आणि पोहायला त्यांना येत नाही. पण तरुणपणी रस्ते खात्याचा ट्रक त्यांनी पुराच्या पाण्यातून पलीकडे काढला होता. मागे हौद्यात मजूर उभे, आणि हे खिडकीतून अर्धे बाहेर येऊन ओरडतायत, डावीकडे झुका, उजवीकडे झुका. त्या मजुरांनी नाव ठेवलं ते कायमचं चिकटलं. तेव्हापासून ते घरातही हुकूमच सोडतात. पाणी आण नाही म्हणत, पाणी येऊ दे म्हणतात.

मला त्यांच्याविषयी गोड लिहिता येणार नाही. रोज सकाळी देवापुढे बसताना मनात कुणाविषयी वाकडं नसावं अशी माझी खटपट असते, पण वरच्या मजल्यावर त्यांचे बूट वाजले की खटपट तिथेच आटोपते. खाली आम्ही, वर ते आणि जाऊबाई. मधे एक जिना, आणि त्या जिन्यावरून वर्षानुवर्षं फक्त तक्रारी उतरत आल्यात. दार हळू लावा. पाण्याची मोटर आत्ता कोणी लावली. धाकटीचं देवदेव झालं असेल तर कुणी चहा टाकेल का. धाकटी म्हणजे मी.

माणूस तसा व्यवस्थित. बुटांना रोज पॉलिश, खिशात घडी केलेलं फडकं, नखं कापलेली. ऐन मध्यरात्री माझ्या कळा सुरू झाल्या तेव्हा आमचे हे नुसते दारात उभे राहून हात चोळत होते, आणि कप्तानांनी मला उचलून गाडीत घातलं आणि दवाखान्यात पोहोचवलं. मुलगी सुखरूप झाली. हे उपकार मी विसरलेले नाही. विसरायला ते देतच नाहीत. मुलीच्या प्रत्येक वाढदिवसाला, प्रत्येक निकालाला ते ही गोष्ट पहिल्यापासून सांगतात, आणि गोष्टीत दर वर्षी रस्ता जास्त वाईट होतो.

निवृत्त व्हायच्या सुमारास ते चालवत होते तीच खात्याची गाडी लिलावात निघाली. उंच, चौकोनी, चारही चाकांना ताकद देणारी, दगडधोंड्यांतून जायला बनवलेली जुनी गाडी. दोघा भावांनी मिळून घेतली. मिळून म्हणजे कप्तानांनी ठरवलं आणि आमच्या ह्यांनी मान हलवली. जाऊबाई त्या गाडीला सवत म्हणतात. "सवतीची आंघोळ झाली का? झाली असेल तर माझ्यासाठी एक बादली ठेवा," असं त्या जिन्यावरून विचारतात. कप्तान टायर पुसत राहतात.

त्यांचं गाडी चालवणं ही वेगळीच विद्या आहे. उतारावर ते गाडी गिअरवर रोखून उतरवतात आणि थांबायचं झालं की सीटशेजारचा हँडब्रेक ओढतात. पायातल्या ब्रेकला हात, म्हणजे पाय, लावणं त्यांना कमीपणाचं वाटतं. लांबलचक उतारांवर ब्रेक तापून निकामी होतात, म्हणून जुने ड्रायव्हर असंच चालवायचे. त्यात चुकीचं काही नाही. पण सपाट रस्त्यावर, बाजारात, घरापाशीही ते तसंच करतात आणि इतरांनी पाय वापरला की नाक मुरडतात. स्वतःच्या मुलाला शिकवताना त्याच्या गुडघ्यावर पाना मारायचे. "तुझ्या पायातच खोट आहे," हे त्याला इतक्यांदा ऐकवलं की तो लांबच्या शहरात निघून गेला. आजही तो कुठलीच गाडी चालवत नाही. जाऊबाई त्याच्याशी फोनवर बोलतात तेव्हा कप्तान गाडी पुसायला खाली येतात.

या गाडीला अँटी-लॉक ब्रेक आहेत, ज्यांना सगळे एबीएस म्हणतात. मला मुलीनं भांडी विसळता विसळता समजावलं. चाक घसरायला लागलं की ही यंत्रणा ब्रेक क्षणभर ढिला करते, पुन्हा धरते, पुन्हा ढिला करते, म्हणजे गाडी सरकत न जाता ताब्यात राहते. कप्तानांना ही यंत्रणा पहिल्या दिवसापासून नकोशी. "मी दाबलेला ब्रेक सोडणारी ही कोण टिकोजीराव?" असं ते म्हणायचे.

मुलगी आमची एकुलती. पाणी तपासण्याचं शिकली. डोंगरावरच्या पाणी शुद्ध करण्याच्या केंद्रात तिला नोकरी लागली. वर जायला बस नाही, रस्ता सगळा सुट्या खडीचा, त्यामुळे स्वतःचं वाहन हवं ही त्यांची अटच होती. सोमवारी हजर व्हायचं होतं. कप्तानांनी गल्लीभर सांगून टाकलं होतं की पोरीला मी तयार केलं, ती आपल्या गाडीनं जाईल. त्यामुळे मी निश्चिंत होते.

आमचं घर गल्लीच्या वरच्या टोकाला आहे. तिथून गल्ली सरळ खाली उतरते आणि शिंपीणबाईंच्या दुकानाच्या भिंतीपाशी काटकोनात वळते. पलीकडचं दिसत नाही, म्हणून भिंतीजवळ थांबावंच लागतं. सोमवारच्या आधीच्या मंगळवारी मुलीनं सकाळी गाडी काढली, सरावाला, पहिल्यांदाच एकटीनं. मी खिडकीतून बघत होते. गाडी हळूहळू उतरली, थांबल्यासारखी झाली, आणि थांबलीच नाही. चालत्या माणसाच्या वेगानं जाऊन भिंतीला लागली. पायरीचा कोपरा उडाला आणि भिंतीचा गिलावा खाली आला.

मी धावले. शिंपीणबाई गळ्यात टेप अडकवून आधीच बाहेर आल्या होत्या.

"माझं दुकान आहे हे. गाडी लावायची जागा नाही," त्या म्हणाल्या.

मुलगी उतरली तेव्हा तिचे ओठ पांढरे होते. "आई, मी ब्रेक दाबला होता. शेवटपर्यंत दाबून होते. पेडल थरथरलं आणि माझा पायच मागे ढकलायला लागलं."

कप्तान सावकाश खाली आले. आधी गाडी पाहिली, मग भिंत, मग मुलगी, याच क्रमानं.

"घाबरलीस," ते म्हणाले.

"नाही काका. पेडल थरथरलं."

"तुझा पाय थरथरला. पेडल कशाला थरथरेल?"

"मी खोटं बोलतेय का?"

"खोटं नाही बोलत. तुला कळतच नाही. पायातच खोट असली की माणसाला वाटतं गाडीत आहे."

ते ऐकून माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. हेच वाक्य मी पूर्वी जिन्यावरून ऐकलं होतं, दुसऱ्या लेकराला उद्देशून. त्यांनी गाडी मागे घेतली, वर आणून लावली, चावी शर्टाच्या खिशात टाकली आणि खिशाचं बटण लावलं.

"सोमवारी काय करायचं?" मी विचारलं.

"चालत जावं. तब्येतीला बरं."

घरात आमच्या ह्यांचं एकच पालुपद. "दादाला कळतं गं. त्याचं आयुष्य गेलंय त्यात." मी म्हटलं, "आयुष्य मुलीचं जाईल तेव्हा काय म्हणाल?" त्यावर ते वर्तमानपत्राच्या आड गेले.

माझ्या आग्रहावरून गाडी गॅरेजमध्ये गेली, पण घेऊन गेले कप्तानच. गॅरेजवाला त्यांच्याच हाताखाली खात्यात शिकलेला. त्यांना बघितल्यावर सिगारेट लपवणारा. त्यानं रस्त्यावर एक फेरी मारली, दहा वेळा ब्रेक दाबले, गाडी दहाही वेळा जागच्या जागी उभी राहिली. संध्याकाळी तो घरी आला आणि मला म्हणाला, "काकू, गाडी ठणठणीत आहे. उस्तादांची गाडी बिघडेल कशी?" कप्तान मागे उभे राहून नखं बघत होते.

गल्लीला तेवढंच हवं होतं. दूधवाला मुलीला विचारू लागला, ताई, आज कुठली भिंत. शिंपीणबाईंनी पायरीजवळ एक खुर्ची आडवी टाकली आणि आमच्या घराकडे तोंड करून मशीन चालवायला बसल्या. मुलगी बाहेर पडेनाशी झाली. शुक्रवारी ती म्हणाली, "आई, मी कळवून टाकते त्यांना, नाही जमत म्हणून. कदाचित माझाच पाय असेल." तिच्या आवाजात मला तो दूर गेलेला मुलगा ऐकू आला. मी म्हटलं, "रविवारपर्यंत थांब. कळवायचं तर रविवारी कळव."

मग तिनं एक गोष्ट सांगितली. आदल्या दिवसापासून मनात होती पण माझ्यापुढे काढायचा धीर होत नव्हता. गाडीच्या कप्प्यात कंपनीचं माहितीपुस्तक होतं, ते तिनं वाचून काढलं. त्यात स्टिअरिंगच्या मागच्या पट्टीचं चित्र होतं. एबीएस बिघडलं की त्या पट्टीच्या डाव्या कोपऱ्यात पिवळा दिवा लागतो.

"मग? लागला होता का?"

"दिसलाच नाही आई. त्या जागेवर देवाची तसबीर आहे."

ही तसबीर मला चांगली ठाऊक होती. तळहाताच्या निम्मी, काचेची, चिकटवलेली. गाडी घेतल्यानंतर काही वर्षांनी कप्तानांनी ती स्वतः लावली होती. देवाचं नाव काढलं की जांभई देणारा माणूस तसबीर लावतो म्हटल्यावर मला भरून आलं होतं. माझ्या प्रार्थनेला फळ आलं असं मी चारचौघींत सांगितलं होतं. गाडीत बसताना मी आधी तिला हात जोडायचे, आठवड्याला काच पुसायचे.

शनिवारी कप्तान मला आणि जाऊबाईंना बाजारात नेणार होते, तसं ते दर शनिवारी नेतात. जाऊबाई नेहमी मागे बसतात. पुढची सीट त्यांना लग्नापासून मिळालेली नाही. पुढे बसलेल्या बाईमुळे लक्ष विचलित होतं असं कप्तानांचं मत आहे. मला मात्र पुढे बसवतात, कारण माझं लक्ष तसबिरीकडे असतं आणि मी तोंडातल्या तोंडात नाव घेत असते.

बाजार जवळ आला तसा मी हात पुढे केला आणि तसबिरीचा एक कोपरा नखानं उचलला. मागे पिवळा दिवा लख्ख पेटलेला.

"देवाला हात लावू नकोस," कप्तान म्हणाले.

"देवाला नाही लावला भाऊजी. देवाच्या मागे घातलाय. हा दिवा कसला?"

"खोटारडा आहे तो. कधीपासून पेटतोय. काही झालंय का मला?"

"मग झाकला कशाला?"

त्यांनी गाडी हँडब्रेक ओढून थांबवली. बोलले ते अगदी शांतपणे, ओशाळणं नावाला नाही. "जो गाडीत बसायचा तो विचारायचा, दिवा कसला, दिवा कसला. डोकं उठायचं. देवाकडे बघून कुणी काही विचारत नाही. आणि तू असेपर्यंत ती कुणी उचकटणारही नव्हतं."

मागच्या सीटवरून जाऊबाई म्हणाल्या, "धाकटे, तुझी भक्ती कामाला आली बघ."

मला आजवर पुष्कळांनी हसून घेतलंय, माझ्या उपासांना, माझ्या मौनाच्या दिवसांना. ते मी मनावर घेत नाही. पण देवाला खोट्या साक्षीला उभं करणं वेगळं. मी ती तसबीर सगळीच काढली, पदरात गुंडाळली आणि मांडीवर ठेवली. कप्तान म्हणाले, "डिंकाचे डाग राहतील." मी म्हटलं, "राहू देत."

पण त्यामुळे एक झालं. दिवा उघडा पडला आणि परतीच्या वाटेवर मी तोच बघत बसले, दुसरं बघायला काही उरलं नव्हतं. बाजारातून निघताना चावी फिरवली तेव्हा दिवा क्षणभर लागला आणि विझला. गाडी भाजीवाल्यांच्या रांगेतून पुढे गेली, चौक ओलांडला, तरी विझलेलाच. मग पुलाच्या अलीकडे कुठेतरी पुन्हा पेटला तो घरापर्यंत पेटलेलाच राहिला.

घरी येऊन मी हे मुलीला सांगितलं. ती पुस्तक उघडून बसली, मग उठून येरझारा घालायला लागली.

"आई, दिवा पेटला म्हणजे एबीएस बंद पडलं. मग राहतो साधा ब्रेक, आणि साधा ब्रेक चांगला आहे. म्हणून गॅरेजवाल्याला काही सापडलं नाही. तिथे पोहोचेपर्यंत दिवा पेटलेला असणार, आणि त्यानं गाडी बंद न करताच फेरी मारली असणार."

"आणि विझलेला असताना?"

"तेव्हा ते जागं असतं. चाकाचा वेग सांगणारा सेन्सर असतो, त्यात काहीतरी गडबड आहे. हळू जाताना त्याला वाटतं चाक अडकलं. म्हणून ते ब्रेक सोडून देतं. थोड्या वेळानं त्यालाच कळतं की आपलं चुकतंय, मग दिवा लावून गप्प बसतं."

"म्हणजे दिवा पेटलेला असताना गाडी बरी आणि विझलेला असताना वाईट?"

"हो."

"माणसांचंही असंच असतं," मी म्हटलं. "तोंड चालू असलेली परवडतात."

ती कित्येक दिवसांनी हसली. मग म्हणाली, "सकाळी गाडी सुरू करून गल्ली उतरायची म्हणजे नेमका तोच वेळ. आणि काकांना हे कधी जाणवणारच नाही. ते पायानं थांबवतातच कुठे?"

रविवारी सकाळी आम्ही दोघींनी सुताराकडून भुशाची पोती आणली आणि शिंपीणबाईंच्या भिंतीला टेकवून रचली. शिंपीणबाई खुर्चीवरून बघत होत्या. "आज पुन्हा का?" त्यांनी विचारलं. मी म्हटलं, "आज कप्तान चालवणार आहेत." त्यांनी मशीन थांबवलं.

कप्तानांना खाली आणणं सोपं नव्हतं. मुलीनं सगळं समजावून सांगितलं, पुस्तक दाखवलं. ते पुस्तकाकडे न बघता म्हणाले, "लिहिणाऱ्यानं कधी घाट उतरलाय?"

"मग तुम्हीच दाखवा काका. आत्ता सुरू करा, खाली भिंतीपाशी थांबवा. फक्त हँडब्रेक ओढायचा नाही."

"मला शिकवतेस? मी तुझ्या आईला—"

"दवाखान्यात नेलं, माहीत आहे," जाऊबाई जिन्यात येऊन उभ्या होत्या. "तिला नेलंत, तिच्या लेकीला नेलंत, मला मेलीला पुढच्या सीटचा तेवढा मुहूर्त मिळाला नाही. अहो, खरंच सांगा, तुम्हाला पायानं थांबवता येते का? मी तर कधी बघितलं नाही."

खाली दूधवाला उभा होता, शेजारची दोन माणसं होती, गॅरेजवाला रविवारचा सहज आलेला होता. कप्तानांनी खिशाचं बटण काढलं.

ते गाडीत बसले तोवर जाऊबाईंनी पुढचं दार उघडून बैठक मारली होती. "मागे बस," ते म्हणाले. "पाठ दुखते," जाऊबाई म्हणाल्या आणि उजवा हात सरळ हँडब्रेकच्या दांड्यावर ठेवला. सवतीच्या उरावर बसल्यासारख्या बसल्या होत्या.

दिवा क्षणभर लागला, विझला. गाडी निघाली. आम्ही शेजारून चालत होतो, तेवढीच तिची गती. कप्तानांनी गिअरवर रोखून छान उतरवली, त्यात नावं ठेवायला जागा नाही. पोत्यांपासून चार पावलांवर त्यांनी पाय दाबला. खरकन आवाज आला. मला खिडकीतून त्यांचा चेहरा दिसला. पाय कुणीतरी खालून ढकलतंय आणि ते मान्य करायचं नाही, असा चेहरा. त्यांचा हात आपोआप हँडब्रेककडे गेला आणि बायकोच्या हातावर पडला. जाऊबाईंनी दांडा सोडला नाही. गाडी पोत्यांत घुसली, वरचं पोतं फुटलं आणि भुसा काचेवर पसरला.

कप्तान उतरले, फडकं काढून हात पुसले.

"उतार ओला आहे," ते म्हणाले.

आठवडाभर पाणी पडलेलं नव्हतं. शिंपीणबाई म्हणाल्या, "ओला असेल. भोगायचं मात्र माझ्याच भिंतीनं."

"पेडल थरथरलं का काका?" मुलीनं विचारलं. आवाज चढवला नाही.

ते तिच्याकडे न बघता गॅरेजवाल्याला म्हणाले, "पुढचं डावं चाक उतरव. मला शंका होतीच."

"मी म्हणालोच होतो," गॅरेजवाला म्हणाला.

दुपारपर्यंत चाक उतरलं. आत एक दातेरी कडं असतं, त्याचे दात मोजून सेन्सर चाकाचा वेग ओळखतो. त्या कड्यावर गंजाचा थर चढला होता आणि सेन्सर त्या गंजानं बाहेर ढकलला गेला होता. कडं खरवडून साफ केलं, सेन्सर भंगारातल्या दुसऱ्या गाडीचा चांगला बघून बसवला. मुलगी सगळा वेळ तिथे उभी होती. संध्याकाळी ती स्वतः गल्ली उतरली, एकदा नव्हे, पुन्हा पुन्हा, प्रत्येक वेळी गाडी बंद करून नव्यानं सुरू करत, आणि प्रत्येक वेळी भिंतीआधी थांबली. दिवा विझलेला राहिला. मी खाली पोत्यांपाशी उभी राहून नाव घेत होते, आणि खरं सांगायचं तर अर्ध्याहून अधिक वेळ शिव्या घालत होते, त्याच चालीवर.

वाटलं होतं, निदान आता मुलीला एक शब्द बोलतील. तर चावी त्यांनी आमच्या ह्यांच्या हातात दिली, जिन्यावर, जाता जाता. "सांग तिला, क्लच जाळू नको म्हणावं." आमचे हे म्हणाले, "बघ, दादाचं मन मोठं आहे." मी त्यांना त्या रात्री ताट वाढून दिलं आणि शेजारी बसले नाही.

सोमवारी सकाळी मुलगी डबा घेऊन निघाली तेव्हा कप्तान तिच्याआधीच रस्त्यावर होते. शिंपीणबाईंच्या दुकानासमोर दूधवाला, गॅरेजवाला आणि आणखी चारपाच जण, आणि मधे हे, फडक्यानं हात पुसत.

"एबीएसचा सेन्सर होता," ते सांगत होते. "नव्या माणसाला नाही कळायचं ते. ब्रेक दाबला आणि पायालाच कळलं मला. पोर बिचारी घाबरली होती, तिनं भिंत ठोकली, तिला काय समजणार. म्हटलं, आधी बघून घेऊ, मग देऊ गाडी हातात. नोकरीचा पहिला दिवस, जबाबदारी आपली."

"उस्ताद ते उस्ताद," गॅरेजवाला म्हणाला.

मी दारात उभी होते. खाली जावं आणि सगळ्यांसमोर त्यांना बोलावं असं फार मनात आलं. धाकट्या सुनेनं थोरल्या दिराला रस्त्यात बोलू नये हे मला शिकवलेलं आहे, आणि ते शिकवणाऱ्यांनी हा प्रसंग पाहिलेला नसणार. मी पायरी उतरले. पण तोवर गाडी सुरू झाली होती.

मुलगी हळूहळू खाली उतरली आणि भिंतीपाशी, त्यांच्या घोळक्याशेजारीच, पायाच्या ब्रेकवर गाडी उभी केली. काच खाली घेतली.

"काका."

"जा, जा. उशीर होईल."

"भिंत दोनदा ठोकली गेली. मंगळवारी मी, काल तुम्ही. सांगायचं तर दोन्ही सांगा. शिंपीणकाकू साक्षीला आहेत."

शिंपीणबाईंनी तोंडातली टाचणी काढली. "भुसा अजून माझ्या मशीनमध्ये आहे," त्या म्हणाल्या.

दूधवाल्यानं खाली बघितलं. गॅरेजवाल्याला अचानक कुठेतरी जायचं आठवलं. कप्तान काहीतरी बोलायला गेले, पण मुलीनं वळणापलीकडे डोकावून पाहिलं, रस्ता मोकळा होता, आणि गाडी वळवून ती निघून गेली. पाठीवरचं जादा चाक वळणाआड जाईपर्यंत मी बघत होते.

कप्तान वर चढून आले तेव्हा मी पायरीवरच उभी होते. वाट माझ्यावरूनच होती.

"तुझ्या लेकीला मोठ्यांशी बोलायची रीत नाही," ते म्हणाले.

"नाही भाऊजी," मी म्हटलं. "नोकरी आहे."

ते जिना चढून गेले. त्यानंतर त्यांनी माझ्याशी बोलणं टाकलंय. जे हवं ते जाऊबाईंकरवी सांगतात, आणि जाऊबाई त्यातलं निम्मं वाटेतच टाकून देतात. मुलगी रोज सकाळी जाते, संध्याकाळी धुळीनं माखलेली गाडी परत आणून लावते. ती आत गेली की ते खाली उतरून गाडी पुसतात. पुसू देत. देवापुढे बसते तेव्हा वरून आता आवाज येत नाही, आणि तेवढ्या वेळात दोघा भावांविषयी वाकडं न येऊ देण्याची खटपट मी करते. आमच्या ह्यांच्याविषयी जमते. कप्तानांविषयी अजून जमलेली नाही, आणि मी घाईही करत नाही.